पहिल्या तीस दिवसांची वही

1 एप्रिल 2024, सोमवार

आज अप्रेझलचं बोलणं झालं. रेटिंग चांगलं आहे, पगारवाढही ठीक. पण सहाय्यक व्यवस्थापकाच्या जागेसाठी माझं नाव याही वर्षी पुढे गेलेलं नाही. आमचे एचआर हेड शांतपणे म्हणाले, "तुमचं काम चोख असतं, पण नेतृत्व दिसत नाही." कशात दिसायला हवं, असं मी विचारलं. "ते तुम्ही शोधा आणि मग माझ्याकडे या," म्हणाले.

चाकणच्या कारखान्यातून निगडीला येईपर्यंत बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. सात वर्षं झाली मला या क्षेत्रात. एमपीएम (मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) केलं, नोकरी करता करता डीएलएल (कामगार कायद्यांचा डिप्लोमा) केलं. जॉइनिंग, मस्टर (हजेरीपट), पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा), कॅन्टीन कमिटी, लैंगिक छळाच्या तक्रारींची अंतर्गत समिती, सगळं हाताखालून गेलंय. गेल्या वर्षी माझ्या नावावर लोकांना काय दिसलं, तर महिला दिन, सुरक्षा सप्ताह, योग दिवस आणि क्रिकेटच्या मॅचेस. ती कामं मी मनापासून केली. पण सोमवारच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये वर्क्स मॅनेजर दर आठवड्याला एकच प्रश्न विचारतात, "माणसं कुठे आहेत?" आणि आम्ही एचआरवाले दर आठवड्याला "भरती चालू आहे" एवढंच सांगून खाली बसतो.

हा प्रश्न मी अंगावर घ्यायचं ठरवलंय. मला कुणी सांगितलेलं नाही. ही वही त्यासाठी.

3 एप्रिल

जानेवारी ते मार्च आमच्या रोलवर 58 नवे ऑपरेटर आले (ॲप्रेंटिस आणि कॉन्ट्रॅक्टरची मुलं यात नाहीत). त्यातले 21 पहिल्या तीस दिवसांत सोडून गेले. आमच्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये हा आकडा कुठेच दिसत नाही, कारण आम्ही अॅट्रिशन (नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण) सरासरी मनुष्यबळावर काढतो. सहाशेच्या कारखान्यात एकवीस माणसं विरघळून जातात.

नोकरी सोडताना भरायचे एक्झिट फॉर्म काढले. सतरा जणांचं कारण एकच, "वैयक्तिक कारण". बहुतेक फॉर्मवरचं अक्षरही एकाच माणसाचं, म्हणजे आमच्याच टाइम ऑफिसच्या क्लार्कचं. फॉर्म बाजूला ठेवले.

4 एप्रिल

गेटवरच्या काकांकडे जाऊन बसले. ते अकरा वर्षं या गेटवर आहेत. त्यांना म्हटलं, "काका, नवी पोरं का जातात हो?" ते म्हणाले, "मॅडम, जाणारं पोरगं मला आधी कळतं. डबा आणायचं बंद होतं." त्याचा अर्थ तेव्हा मला नीट लागला नाही, पण लिहून ठेवलं.

12 एप्रिल

पाडव्याची सुट्टी सोडून रोज दुपारी फोन लावले. एकवीसपैकी बारा जण बोलले. आपल्याला पुन्हा बोलवायला फोन केलाय, असं बहुतेकांना आधी वाटलं. दोघांना घरी शेतात हात हवा होता, एकाला भोसरीत जास्त पगार मिळाला, एकाला प्रेसच्या आवाजाचा त्रास झाला.

परभणीचा एक मुलगा मात्र बराच वेळ बोलला. तो 22 मार्चला रुजू झाला आणि पंधरवड्याच्या आत गेला. जाताना खोलीचं डिपॉझिट 5,000 रुपये बुडालं. खाणावळीचे 3,000 पुढच्या महिन्याचे आगाऊ द्यायचे होते, ते नव्हते. "ताई, पगार 7 मेला होणार म्हणाले. तोवर काय खायचं?" एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "काम चांगलं होतं. मला आवडलं होतं."

फोन ठेवला आणि कॅलेंडर उघडलं. आमची हजेरी 20 तारखेला कट होते. 22 मार्चला आलेल्या मुलाचे मार्चमधले दहा दिवस एप्रिलच्या पगारात जातात आणि तो पगार 7 मेला होतो. म्हणजे सेहेचाळीस दिवस. सात वर्षं मी जॉइनिंगचे कागद भरून घेते आहे आणि हे सेहेचाळीस दिवस मी एकदाही मोजले नव्हते.

13 एप्रिल

58 जणांची यादी रुजू तारखेप्रमाणे लावली. 1 ते 20 तारखेदरम्यान आलेले 34, त्यातले गेले 7. 21 तारखेनंतर आलेले 24, त्यातले गेले 14.

हे मी तीनदा मोजलं.

16 एप्रिल

सेकंड शिफ्टच्या मुलांबरोबर सकाळी नाणेकरवाडीला त्यांच्या खोलीवर गेले. बरोबर आमच्या विभागातली नवी ज्युनिअर होती, कर्वे इन्स्टिट्यूटमधून एमएसडब्ल्यू करून आलेली. एका खोलीत सहा जण. गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, खिळ्यावर कंपनीचे सहा शर्ट, खाली सेफ्टी शूजचे चार जोड. दोघांना अजून बूट मिळालेले नाहीत, ते जुन्या मुलांचे घालून शिफ्टला येतात. दाराच्या मागे कॅलेंडर आणि त्यावर पेन्सिलीनं रोजची खाणावळीची उधारी मांडलेली. 7 तारखेभोवती दोन वेळा गोल केलेला.

गेटवरच्या काकांचं म्हणणं तिथे कळलं. डबा बंद होतो, कारण खाणावळवाला द्यायचं बंद करतो.

परत येताना ज्युनिअर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, आपण यांना इंडक्शनमध्ये दोन तास व्हिजन आणि मिशन सांगतो. पगार कधी होईल ते सांगतच नाही." तिचं वाक्य जसंच्या तसं इथे ठेवते.

22 एप्रिल

चूक झाली.

उत्साहाच्या भरात मी काल रात्री सविस्तर मेल लिहिला. तक्ता जोडला, 21 तारखेनंतर येणाऱ्यांचा त्या महिन्याचा पगार लगेच येणाऱ्या 7 तारखेला करावा असा प्रस्ताव मांडला. मेल अकाउंट्सच्या प्रमुखांना आणि सीसीमध्ये वर्क्स मॅनेजर. आज सकाळी अकाउंट्सच्या सरांचं दोन ओळींचं उत्तर आलं, "सध्याची पद्धत अनेक वर्षे चालू आहे. बदल शक्य नाही." दुपारी कॅन्टीनमध्ये त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या खात्यातली उणीव मी त्यांच्या वरिष्ठांपुढे ठेवली, तीही त्यांच्याशी एक शब्द न बोलता. पुढे दिसण्याच्या घाईत मी ज्या माणसाशिवाय हे काम होणारच नाही त्यालाच दुखावलं.

26 एप्रिल

आज परभणी, नांदेड, हिंगोलीला लोकसभेचं मतदान. तिकडच्या मुलांना भरपगारी सुट्टी दिली आणि जाण्यायेण्याची सवड धरून शिफ्ट बदलून दिल्या. लातूर, धाराशिवला 7 मे, आपल्याकडे शिरूर मतदारसंघात आणि बीडला 13 मे. प्रत्येक सुपरवायझरला त्याच्या लाईनवरच्या मुलांचे जिल्हे आणि तारखा आधीच लिहून दिल्या होत्या, म्हणून गोंधळ झाला नाही. प्रेस शॉपचे (प्रेस मशिनच्या विभागाचे) सुपरवायझर म्हणाले, "अशी यादी पहिल्यांदाच हातात आली."

2 मे

अकाउंट्सच्या केबिनमध्ये गेले. आधी माफी मागितली. "सर, मेल टाकायच्या आधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं. माझं चुकलं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "महिनाअखेर माझ्याकडे किती माणसं असतात माहितीये? दोन. 20 तारखेचा कट मी आवडीनं नाही ठेवलेला."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हजेरी बंद करायची, ओव्हरटाइम दुप्पट दराने काढायचा, सुपरवायझरांच्या सह्या आणायच्या, नव्या मुलांचे यूएएन (पीएफचे क्रमांक) आणि बँक खाती जुळवायची. सह्याच चार दिवस येत नाहीत. मी फक्त ऐकलं आणि टिपून घेतलं. खरं तर त्यांच्या निम्म्या अडचणी आमच्या बाजूने होत्या. कागद आम्हीच अर्धवट पाठवतो.

20 मे

अकाउंट्सच्या सरांबरोबर दुसरी बैठक, त्यांच्याच केबिनमध्ये. या वेळी मुलांच्या हालांबद्दल बोलले नाही. त्यांच्या कामाच्या भाषेत बोलले.

सध्या, म्हणजे 2024 मध्ये, लागू आहे तो वेतन प्रदान कायदा 1936 चा. हजाराच्या आत कामगार असतील तर महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार झाला पाहिजे, हजार किंवा जास्त असतील तर दहा. आम्ही सहाशेच्या आसपास, म्हणजे 7 तारीख. मार्चमधल्या दहा दिवसांचा पगार 7 मेला होत असेल, तर तो एक महिना उशिरा होतो. आणि त्याच दहा दिवसांचा पीएफ 15 एप्रिलच्या आत भरायला हवा, तो आम्ही 15 मेच्या चलनात भरतो. उशिराच्या पीएफवर पीएफ कायद्याच्या कलम 7 क्यू खाली वर्षाला 12 टक्के व्याज, दंड वेगळा.

पीएफचं ऐकून ते सरळ बसले. चलनं काढली, स्वतः तपासली. म्हणाले, "रक्कम लहान आहे, पण हे राहता कामा नये."

मग मी आमच्या बाजूचं सांगितलं. 21 तारखेनंतरच्या मुलांची हजेरी टाइम ऑफिसमधून 1 तारखेला दुपारपर्यंत सहीसकट तुमच्या टेबलावर येईल. यूएएन, आधार, बँक खातं रुजू होण्याच्या दिवशीच तपासलं जाईल. एकही कागद अर्धा असेल तर त्याची जबाबदारी माझी. जूनमध्ये करून पाहू, असं ठरलं. ठराव त्यांच्या नावाने पाठवायची मी विनंती केली. ते म्हणाले, "दोघांच्या नावाने पाठवू."

10 जून

आज नोटीस बोर्डावर नारायण मेघाजी लोखंडे यांची माहिती लावली. सत्यशोधक चळवळीतले, जोतिराव फुल्यांचे सहकारी. 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी गिरण्यांमध्ये मिळाली ती 10 जून 1890 रोजी. हे मला डीएलएलला असल्यापासून पाठ आहे.

पण या वेळी 1884 च्या अर्जातल्या सगळ्या मागण्या पुन्हा वाचल्या. पाच हजारांहून जास्त कामगारांच्या सह्या होत्या त्याच्यावर. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आणि आणखी एक, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हावा.

15 तारखेपर्यंत. एकशे चाळीस वर्षांपूर्वीची मागणी. त्या हिशोबाने 22 मार्चला आलेल्या परभणीच्या मुलाला 15 एप्रिलच्या आत पैसे मिळाले असते. मी बोर्डासमोर बराच वेळ उभी होते. आपल्या खात्याचं मूळ कुठे आहे ते आज नव्याने कळलं. आधी कामगारांनी मागितलं, मग कायदा झाला, आणि तो कायदा कारखान्यात रोजच्या रोज पाळला जातोय ना हे बघण्यासाठी आमचं टेबल.

24 जून

छोट्या गोष्टी. बुटाचा नंबर आता मुलाखतीच्या फॉर्मवरच विचारतो, म्हणजे पहिल्या दिवशी जोड तयार. रुजू होणाऱ्यांची नावं, गाव आणि आधीचं काम सुपरवायझरला आदल्या संध्याकाळी जातं. इंडक्शनची पहिली पंधरा मिनिटं पगाराची. तारीख, कपात, पीएफ का जातो, ईएसआयसीचं कार्ड कुठे चालतं. ज्युनिअर शिकवते. तिने फळ्यावर खरी पगारपावती काढून एकेक ओळ समजावली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "हे आयटीआयमध्ये कुणी सांगितलंच नाही."

29 जून

माउलींच्या पालखीचं आज आळंदीहून प्रस्थान. रस्ते बंद, बसचे मार्ग बदलले, सेकंड शिफ्ट अर्धा तास उशिरा सुरू केली.

6 जुलै, शनिवार

7 तारीख रविवारी, म्हणून आजच पगार झाला. 21 जूननंतर आलेल्या अकरा जणांपैकी नऊ जणांच्या खात्यात जूनचे दिवस जमा. दोघांची खाती आधारशी जोडलेली नव्हती, त्यांना चेक दिले. एकाचा चेक घेऊन मी आणि तो मुलगा चाकणच्या बँकेत गेलो, कारण शिफ्ट संपेपर्यंत बँक बंद होते. कॅन्टीनमध्ये महिन्यातून एकदा खाती उघडायला माणूस पाठवाल का, असं मॅनेजरांना विचारलं. हो म्हणाले.

रक्कम लहानच. कुणाला सहा दिवसांचे, कुणाला नऊ. दुपारी अकाउंट्सचे सर स्वतः शॉपमध्ये आले होते. त्यांना मी शॉपमध्ये पहिल्यांदाच पाहिलं. एका मुलाला विचारत होते, "आला का मेसेज?"

2 ऑगस्ट

एकाच आठवड्यात प्रेस शॉपच्या नाईट शिफ्टमधून तीन नवी मुलं गेली. पगार वेळेवर झाला होता. फोन केले. तिघांनी एकच सांगितलं, शिवीगाळ. नाईटचा सुपरवायझर आईवरून बोलतो.

हे वर कळवून चौकशी लावता आली असती. आधी मी रात्री अकराला शॉपमध्ये गेले आणि त्या सुपरवायझरबरोबर चहा घेतला. चौदा वर्षांची नोकरी. त्याला स्वतःला असंच शिकवलं गेलं. टार्गेट चुकलं की त्याला सकाळी सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. मी त्याला तिघांची नावं आणि ते काय म्हणाले ते शब्द बदलून न सांगता सांगितलं. त्याने मान खाली घातली. हेही स्पष्ट सांगितलं, की पुन्हा घडलं तर मी लेखी घेईन, आणि ते मी टाळणार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्क्स मॅनेजरांना भेटून एवढंच म्हटलं, "सर, सकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरला सगळ्यांसमोर बोलणं थांबवता येईल का? ते खाली झिरपतं." त्यांना आवडलं नाही. पण सोमवारी त्यांनी एकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सगळ्यांसमोर नाही.

28 ऑगस्ट

जून आणि जुलैत 21 तारखेनंतर आलेले एकूण 20, तीस दिवसांत गेले 4. आधी 24 पैकी 14.

हे सगळं पगाराच्या तारखेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. बूट, इंडक्शन, नाईटचा सुपरवायझर, सगळं एकाच वेळी बदललं. पेरणीला जायचं होतं ती मुलं जूनमध्ये आलीच नाहीत, तोही फरक पडला असेल. वीस हा आकडाही लहान आहे. रिव्ह्यूमध्ये हे मी स्वतःहून सांगणार आहे, कुणी विचारायच्या आधी.

5 सप्टेंबर

तिमाही रिव्ह्यू. माझ्या वाट्याला बारा मिनिटं होती. बोलायचं कुणी, यावर आठवडाभर माझ्या मनात चालू होतं. एप्रिलमध्ये मला सांगितलं गेलं होतं की नेतृत्व दिसत नाही, म्हणजे बाराही मिनिटं मीच उभं राहायचं, असा मोह झाला. शेवटी आकडे मी मांडले, पीएफचा भाग अकाउंट्सच्या सरांनी, खोलीवरचं आणि इंडक्शनचं ज्युनिअरने, आणि शेवटची दोन मिनिटं प्रेस शॉपच्या दिवसपाळीच्या सुपरवायझरनी. ते मराठीत बोलले. प्लँट हेड मराठी नाहीत, पण त्यांना सगळं समजलं.

प्लँट हेडनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी करायला सांगितलं होतं?" मी म्हटलं, "सोमवारी सर विचारतात, माणसं कुठे आहेत. त्याचं उत्तर शोधत होते."

काम नीट केलं की ते आपोआप दिसतं, अशी आम्हा बायकांची तरी शिकवण असते घरातून. मला ती आता पटत नाही. हा बदल दाखवला नसता तर पुढच्या वर्षी नवा अकाउंट्स प्रमुख येऊन 20 तारखेचा कट परत लावू शकला असता. आज हा बदल बैठकीच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) नोंदवला गेला, पद्धत म्हणून. ज्युनिअरचं नावही मिनिट्समध्ये आहे. ते मी मुद्दाम तपासलं.

20 सप्टेंबर

विसर्जनानंतर पहिल्या शुक्रवारी सहाय्यक व्यवस्थापक पदाची मुलाखत. "अधिकार नसताना एखादी गोष्ट कशी करून घेतलीत?" या प्रश्नाला मी 22 एप्रिलच्या मेलपासून सुरुवात केली. एचआर हेडनी वर पाहिलं. त्यांना तो मेल माहीत नव्हता.

निकाल अजून नाही.

21 ऑक्टोबर, सोमवार

आज तिघे रुजू झाले. एक लातूरचा, दोन बीडचे. बूट तयार होते, नावं आदल्या दिवशी गेली होती. लातूरच्या मुलाने टेबलापाशी येऊन हळू आवाजात विचारलं, "पगार कधी होईल?" मी तोंड उघडायच्या आत ज्युनिअर म्हणाली, "7 तारखेला. या महिन्याच्या दिवसांचा."

त्याने बोटांवर मोजलं. "म्हणजे दिवाळीनंतर, ताई?"

लक्ष्मीपूजन 1 तारखेला आहे. ज्युनिअरने माझ्याकडे पाहिलं.

अशी किती मुलं आहेत ते काढलं. 1 तारखेपासून आजवर रुजू झालेले सतरा, पहिला पगार कुणाच्याच हातात पडलेला नाही. 28 तारखेच्या आत काही उचल देता आली तर गावी जाताना रिकाम्या हाताने जावं लागणार नाही. पुढच्या पगारातून वळती करून घ्यायची, मुलाच्या लेखी संमतीने. अकाउंट्सच्या सरांना चार वाजता वेळ आहे. यादी छापून घेतली आहे. ज्युनिअरला बरोबर नेते आहे, बोलणं तिने सुरू करायचं.